धरण मायनसमध्ये गेलं तेव्हा

आमच्या घराला हायवे सोडायचा नाद माझ्यामुळे लागला असं मम्मी म्हणते. खरं श्रेय टोलनाक्यांचं आहे. चार वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड गाडी घेतली आणि पहिल्याच प्रवासात पप्पांना मॅपमधला ‘टोल टाळा’ हा पर्याय दाखवला. त्यांनी तो इतका मनावर घेतला की नुसतं साताऱ्याला जायचं असलं तरी आदल्या रात्री मोबाइल घेऊन बसायचे आणि कुठल्या फाट्याला कुठून आत शिरायचं ते ठरवायचे. वाचलेले पैसे पुढे कुठेतरी भेळ, उसाचा रस आणि शेताच्या बांधावर विकत घेतलेली गवार यांत जायचे. पेट्रोल जास्त जळायचं ते वेगळंच. पण हिशेब कोणी मांडला नाही, कारण त्या नादात आम्हाला जागा सापडायला लागल्या.

यवतच्या आत डोंगरावर भुलेश्वर आहे. बाहेरून साध्या भिंती आणि घुमट, देऊळ वाटतच नाही. आत गेलं की थंडगार अंधार, चारी बाजूंना कोरीवकाम आणि त्यात स्त्रीरूपातला एक गणपती. साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, अष्टकोनी, आणि तिच्या पोटात चक्क एक छोटा महाल. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी साताऱ्याकडच्या कॉलेजात काढली, पुणे-सातारा एसटीने कितीतरी वेळा केलं, पण ती विहीर हायवेपासून एवढी जवळ आहे हे मला कळलं ते आमचा रस्ता चुकल्यावर. आजी त्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभी होती. “हितं पंधरा मोटा चालत असतील,” म्हणाली, आणि मागून आलेल्या गाइडनेही तेच सांगितलं.

एकाच रस्त्यावर हा नाद चालत नसे. पुणे-सोलापूर. मम्मीचं माहेर माढा तालुक्यात, उजनीच्या कॅनॉलवरच्या एका गावात आहे. वर्षातून तीन-चार वेळा आम्ही जातोच. त्या रस्त्यावर पप्पा टोल मुकाट्याने भरतात. मी आत कुठे शिरू या का विचारलं की “सरळ चल, ऊन आहे,” किंवा “सरळ चल, पाव्हणे वाट बघतायत.” भिगवण आलं की त्यांना झोप येते आणि इंदापूर गेलं की जाग येते. लहानपणी मला वाटायचं की त्यांना तिथली हवा मानवत नाही.

कोणी “गाव कुठलं?” विचारलं की पप्पा “हडपसर” म्हणतात. त्यावर समोरचा म्हणतो, “ते झालं हो, पण मूळ गाव?” मग पप्पा पुन्हा “हडपसरच” म्हणतात आणि विषय बदलतात. कपाटात एक लॅमिनेट केलेला प्रकल्पग्रस्ताचा दाखला होता, त्यावर उजनी हे नाव होतं, तेवढं मला माहीत होतं. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के जागा असतात, त्यासाठी तो कधीतरी काढलेला. पप्पांना त्याचा उपयोग झाला नाही आणि मी तो कधी मागितला नाही. आमच्यासाठी तो जुन्या रेशनकार्डासारखा एक कागद होता.

ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी दोनदा भिगवणला रोहित पक्षी बघायला गेले होते. जानेवारीतली पहाट, कुंभारगावची होडी, पाण्यावर धुकं आणि त्यात शेकडो गुलाबी पाय. होडीवाल्याने सांगितलं होतं की हे सगळं उजनीचं बॅकवॉटर आहे, खाली गावं आहेत. आम्ही “बाप रे” म्हणालो आणि फोटो काढत राहिलो. घरी येऊन ते फोटो आजीला दाखवले. तिने पक्ष्यांवरून बोट फिरवत मागचं पाणी मोठं करून बघितलं. “लई पाणी हाय,” एवढंच म्हणाली.

गेल्या… म्हणजे २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मामाने नवा बंगला बांधला होता आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत होती. तृतीया शुक्रवारी, १० मेला होती. मी गुरुवार-शुक्रवार रजा टाकली आणि गुरुवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. डिकीत मामाकडे न्यायची हापूसची पेटी, मम्मीने घेतलेला आहेर आणि आजीची कापडी पिशवी. ती पिशवी आजीने डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवर धरून बसली.

दोनच दिवसांपूर्वी तिकडे लोकसभेचं मतदान झालं होतं. चौकाचौकात उमेदवार अजून हात जोडून उभे होते. भिगवणला नाश्ता केला. पुढे काही अंतरावर कांद्याचा एक ट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. पप्पा नेहमीप्रमाणे डोळे मिटून होते. रांगेत रखडत पळसदेवपर्यंत आलो तेव्हा मॅपने डावीकडचा एक गावरस्ता सुचवला. मी विचार न करता वळवली.

मागून आजीचा आवाज आला. झोपलेल्या माणसाचा नव्हे, कधीपासून जाग्या असलेल्या माणसाचा.

“आता सरळच जाऊ दे. खाली.”

पप्पांनी डोळे उघडले. “कुठं वळवलीस?”

“जॅम आहे पुढे.”

“खाली काय नाही. पाणी आहे. गाडी फिरव.”

“पाणी न्हाई आता,” आजी म्हणाली. “टीव्हीवर दाखिवलंय. देऊळ उघडं पडलंय. धरण मायनसमधी गेलंय.”

शहात्तर वर्षांच्या आजीच्या तोंडून ‘मायनस’ ऐकून मला हसू आलं. मम्मी हसली नाही. पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले आणि मला कळलं की या गाडीत काहीतरी चाललंय आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

या मायनसबद्दल सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ते चुकीचं वाटतं. आमच्या कामात एखाद्या टाकीची पातळी उणे पन्नास टक्के दिसली तर आम्ही बग नोंदवू. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं साधारण ६३ टीएमसी हा मृतसाठा. उरलेलं ५३ टीएमसीच्या आसपास पाणी कॅनॉलने वापरायचं. टक्केवारी मोजतात ती या वापरायच्या पाण्यावर. ते संपलं की शून्य, आणि त्याच्या खाली उतरलं की उणे. म्हणजे उणे पन्नासला धरण रिकामं नसतं, अर्ध्याहून जास्त मृतसाठा शिल्लक असतो, पण जे कधी दिसू नये असं गृहीत धरलेलं असतं ते दिसायला लागतं. २०२३ चा पाऊस कमी झाला होता. मेच्या त्या आठवड्यात उजनी उणे पन्नासच्या आसपास होती.

रस्ता आधी उसातून गेला. मग ऊस संपला, बाभळी लागल्या, मग डांबर संपलं. उतारावर पाइपांची रांग सुरू झाली. पाणी जसं मागे जातं तसे शेतकरी पाइप वाढवत, वायर ओढत, मोटारी त्याच्या मागे मागे नेतात, आणि तिथवर पाणी आणायला चर खणतात. काही ठिकाणी उघड्या पडलेल्या गाळात मका आणि कडवळ उभं होतं, हिरवंगार. त्याला गाळपेर म्हणतात. पाऊस येईपर्यंत तेवढं एक पीक काढून घ्यायचं.

शेवटच्या बाभळीखाली मी गाडी लावली. पुढे गाळ वाळून त्याला टाइल्ससारख्या भेगा पडल्या होत्या. आणि त्या राखाडी मैदानात, लांब, एक शिखर.

पळसनाथाचं देऊळ. खाली काळा दगड, वर विटांचं शिखर, काही ठिकाणी ढासळलेलं. धरणाचं काम १९६६ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव वर रस्त्याच्या कडेच्या नव्या गावात नेला. देऊळ नेता आलं नाही. एरवी ते पाण्याखाली असतं, फार तर शिखराचा शेंडा दिसतो. इतकी वर्षं पाण्यात राहूनही ते उभं आहे. भोवती वीरगळ पडले होते, दगडांच्या चौथऱ्यांच्या रेषा होत्या, आणि मोबाइल घेतलेली पाच-पन्नास माणसंही होती. एक पोरगा बर्फाचे गोळे विकत होता. चांगला धंदा चालला होता त्याचा.

आजी देवळाजवळ गेली, उंबऱ्याला हात लावला आणि लगेच मागे फिरली. मला वाटलं दर्शन झालं, निघायचं. पण तिने देवळाकडे पाठ केली, सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि हात सरळ केला.

“देवळाकडं पाठ करायची. डाव्या हाताला नदी ठेवायची. मग आपली वस्ती.”

डाव्या हाताला नदी नव्हती, पाणी सगळीकडेच होतं. पण ती चालायला लागली. गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून खाली उतरत नाही ती बाई भेगाळलेल्या गाळावरून आमच्या पुढे चालत होती. पप्पा तिच्यामागे दहा पावलं. काही बोलत नव्हते, पण एका ठिकाणी आजी किंचित उजवीकडे सरकायला लागली तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आई, तिकडं ओढा होता.”

“व्हय की,” आजी म्हणाली आणि वळली.

आठ-नऊ वर्षांचे असताना ते तिथून निघाले. सत्तेचाळीस वर्षांनी त्यांना ओढा आठवत होता, आणि मला आजवर “हडपसर” सांगत होते.

मम्मी आणि मी थोड्या मागे राहिलो. मम्मीने मला तिथे, चालता चालता, जे सांगितलं ते मी अठ्ठावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

आमची काठावरची चौदा एकर गेली. मोबदला मिळाला आणि खाली, माढ्याच्या बाजूला, पर्यायी जमीन मिळाली. धरणाचं पाणी मिळणारं क्षेत्र म्हणूनच ती दिलेली, पण कॅनॉल यायला वेळ होता. तोवर ते नुसतं माळरान होतं. आजोबांनी दोन वर्षं त्यात काढली. दोन्ही वर्षं ज्वारी करपली. मग मोबदल्याचे पैसे संपले आणि त्यांनी ती जमीन विकून पुणं गाठलं, मार्केट यार्डात हमालीला लागले. कॅनॉलला पाणी त्यानंतर आलं. “आपण दर वेळी मामाकडे जाताना डाव्या हाताला डाळिंबाची बाग लागते बघ, शेततळंवाली? ती,” मम्मी म्हणाली. त्या दोन वर्षांतच आजोबांची आणि मम्मीच्या वडिलांची ओळख झाली होती, तिच्यातून पुढे हे लग्न जमलं.

म्हणजे ज्या पाण्याने आमचं घर बुडवलं त्याच पाण्याने मामाचा ऊस पिकवला. हे एकदा कळल्यावर इतकं उघड दिसत होतं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याची लाज वाटावी. मामाकडे गेलं की मी कॅनॉलमध्ये पाय सोडून बसायचे. पाळी आली, पाणी सुटलं, अशी हाक आली की मामा रात्रीबेरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचा आणि मीही हट्ट करून मागे जायचे. माझ्या बालपणातलं सगळ्यात आनंदाचं पाणी ते.

“तुझी फी भरायची होती पहिल्या वर्षाची,” मम्मी पुढे सांगत होती. “बँकेचं कर्ज अडकलं होतं. मामाने उसाचं बिल आलेलं तसंच्या तसं आणून दिलं. आणि आत्याबाई म्हणाल्या, पैसं कुणाचं का असंना, पाणी आमचंच हाय. माझ्या भावासमोर म्हणाल्या.”

मामा काही बोलला नाही म्हणे, चहा संपवला आणि उठला. पप्पांनी त्या रात्री आजीला बजावलं की हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. मग ते मामाला दर महिन्याला पैसे परत करत राहिले. मामा नको म्हणत होता तरीही, शेवटचा रुपया फिटेपर्यंत. तेव्हा मी होस्टेलवर होते. मला फक्त एवढं आठवतं की त्या दिवाळीत मम्मी आजीशी बोलत नव्हती आणि मी ते सासू-सुनेचं नेहमीचं समजले होते.

आजी थांबली तिथे काही नव्हतं. इथे घर होतं, इथे गोठा, असं सांगणारा एक दगड नव्हता. आमचं घर मातीचं होतं, ते पहिल्या पावसाळ्यातच विरघळलं असणार. गाळात कुणाचा तरी मका वाढलेला आणि त्याच्या कडेला पाणी. आजीने मात्र हातानेच सगळं उभं केलं. हितं चूल. हितं तुळस. हितनं खाली उतरलं की नदी, आणि उन्हाळ्यात नदी एवढीशी, वाळूत कलिंगडाचे वेल. पलीकडे करमाळ्याच्या बाजूला तिची बहीण दिलेली. मेमध्ये लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पायी पलीकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आता पलीकडे जायला होडी, नाहीतर मोठा वळसा. समोरून एक होडी जातच होती, माणसं आणि तीन मोटरसायकली घेऊन.

मी मोबाइल काढला. मॅपवर आमचा निळा ठिपका निळ्या पाण्याच्या मधोमध होता. मॅपच्या लेखी आम्ही चौघं बुडालेले होतो. मी ती जागा सेव्ह केली. नाव काय द्यायचं सुचेना, म्हणून नुसतं ‘आजी’ लिहिलं.

आजीने पिशवी उघडली. आत कागदात गुंडाळलेला मातीचा नवा करा होता, हडपसरच्या बाजारातून आणलेला. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला, आजीच्या भाषेत आखितीला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेला करा पुजतात, वर आंबा ठेवतात. म्हणजे हे सगळं तिने ठरवलेलंच होतं. ट्रक आडवा झाला नसता तरी तिने काहीतरी करून गाडी वळवायला लावली असती.

“उद्या आहे आखिती,” पप्पा म्हणाले.

“उद्या दुसऱ्याच्या दारात असू. दुसऱ्याच्या दारात पितर येत न्हाईत. एक दिस आधी चालतंय.” मग माझ्याकडे करा देऊन म्हणाली, “पाणी आण गं बाई.”

मी पाण्याच्या कडेला गेले. जलपर्णी किनाऱ्याला लागून सडली होती. पाणी हिरवं होतं आणि त्याला वास येत होता, आमच्या सोसायटीच्या मागच्या नाल्याला येतो तोच. यात काही योगायोग नाही. मुळा-मुठा दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. पुणे-पिंपरीचं जेवढं सांडपाणी शुद्ध न होता नदीत जातं ते इथे येऊन थांबतं. मी सकाळी हडपसरला अंघोळ करून निघाले होते. माझं ते पाणी कधीतरी इथे येणार होतं.

मी परत गेले. म्हटलं, “आजी, गाडीत बिसलेरी आहे, ती घेऊ या का? हे घाण आहे.”

“त्यांनी कधी बाटलीचं पाणी पिलंय? भीमेचंच आण.”

“आई, पुण्याची घाण आहे त्यात,” पप्पा म्हणाले.

“मग तुमीच आणलीया की. आणा.”

मी जलपर्णी बाजूला सारून, जमेल तेवढं आत जाऊन, करा भरला. परत आले तर मम्मी तिथे नव्हती. ती गाडीकडे गेली होती, एवढ्या उन्हात, एकटीच. आली ती हातात दोन आंबे घेऊन. मामाला न्यायची पेटी तिने फोडली होती. एक आंबा तिने कऱ्यावर ठेवला आणि दुसरा आजीच्या हातात दिला.

“आत्याबाई, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला लई लागलं होतं,” मम्मी म्हणाली. दहा वर्षांनी.

आजीने तिच्याकडे पाहिलं. “लागायलाच बोलले व्हते. पर तुला न्हाई. ह्याला.” पप्पांकडे बोट होतं. “ह्यो कधी बोलतच न्हाई. म्हातारा मरोस्तोवर म्हणत व्हता, म्या जमीन इकली, म्या पोराचं वाटुळं केलं. ह्यानं एकदा म्हणायचं हुतं की, न्हाई तुमची चूक. न्हाई म्हणाला.”

पप्पा बूट काढत होते. बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, पँट दुमडली. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. त्यांनी आजीकडून करा घेतला, आजीने दाखवलं तिथे, तुळस होती तिथे, उकिडवे बसले आणि गाळाला पालथ्या हाताने थोडी जागा सारखी केली. आंबा बाजूला ठेवला. मग दोन्ही हातांनी करा तिरका करून पाणी सोडलं. भेगा इतक्या खोल होत्या की पाणी पसरलंच नाही, सरळ आत गेलं. ओठ हलत होते. आजोबांचं नाव असेल, किंवा आजीने सांगितलेलं ते वाक्य असेल. मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

जरा वेळाने मक्यातून एक माणूस आला. गाळपेर त्याची होती. आम्ही पीक तुडवतोय का बघायला आला असावा. पप्पांनी सांगितलं, इथे आमचं घर होतं. त्याने कुणाचे, कुठल्या भावकीतले, सगळं विचारलं. मग म्हणाला, त्याचं घरही इकडेच, जरा पुढे, अजून पाण्यात आहे. यंदा आणखी उतरलं तर दिसेल. दोघं तिथे उभे राहून कोणाचं काय कुठे होतं ते बोलत बसले, हात लांब करून, हा बांध, ती विहीर, अमक्याची चिंच. मी पप्पांना एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. निघताना त्या माणसाने मक्याची दहा-बारा कणसं तोडून दिली. आजीने ती पदरात घेतली. आमच्या जमिनीतलं इतक्या वर्षांनी आलेलं पीक, असं म्हणायचा मोह झाला होता, पण कष्ट त्याचे होते आणि जमीन सरकारची.

मामाकडे पोचायला संध्याकाळ झाली. रस्त्यात ती डाळिंबाची बाग लागली. पप्पांनी काच खाली केली, बघितली, पुन्हा वर केली. मामा गेटातच उभा होता.

“दाजी, किती उशीर! जॅम होता का?”

“जॅम होता,” पप्पा म्हणाले. मग चपला काढता काढता, “आणि जरा गावाकडं जाऊन आलो.”

मामाने मम्मीकडे बघितलं. मम्मीने मान हलवली. मामाने काही विचारलं नाही, तो फोडलेल्या पेटीबद्दलही काही बोलला नाही. रात्री त्याने ती कणसं स्वतः भाजली आणि पहिलं आजीला दिलं. आजीने अर्धं मोडून त्याच्या ताटात ठेवलं. तेवढंच. त्या दोघांमध्ये याहून जास्त काही झालेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली, गच्चीवरून कॅनॉल दिसत होता. तो कोरडा होता.

आम्ही परत आल्यावर दहा-अकरा दिवसांत, २१ मेला, बातमी आली. कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली. सहा जण गेले. करमाळा आणि इंदापूर यांच्यामधलं तेच पाणी. आजी दिवसभर टीव्हीसमोर होती. तिच्या बहिणीकडचं कोणी त्यात नव्हतं, हे फोन करून कळलं, तरी ती उठली नाही. “पायी जायचो आम्ही,” पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती. मला तेव्हा कळलं की धरणाचं पाणी आलं तेव्हा जे झालं ते तेव्हाच संपलेलं नाही. ज्यांचा रस्ता त्याच्या खाली गेला ते अजूनही रोज त्याच्यावरून जातात.

मग पाऊस आला आणि त्या वर्षी चांगला आला. पप्पांच्या फोनमध्ये कुठलंतरी जलसंपदाचं पान उघडलेलं असायचं. सकाळी चहाच्या आधी आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज यायला लागला: उणे ४०. उणे १५. जुलैअखेर अधिक. आधी ते ‘सुप्रभात’चे गुलाब पाठवायचे, त्यापेक्षा हे बरं होतं. मामाही त्याच ग्रुपवर आहे. तो प्रत्येक आकड्याला अंगठा दाखवायचा. त्याचा ऊस त्या आकड्यावर उभा होता, त्याला तो वाढायला हवा होता. पप्पांना काय हवं होतं ते मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. त्या सकाळी मी ऑफिसला निघाले होते, पप्पा म्हणाले, “तू ती जागा सेव्ह केली होतीस ना? मला पाठव.” मी पाठवली. त्यांनी उघडून बघितलं. सगळीकडे निळं, आणि मधे एक खूण. त्यांनी विचारलं की नाव बदलता येतं का. मी कसं बदलायचं ते दाखवलं आणि बूट घालायला गेले.

आजी आतून म्हणाली, “भरलं का रं?”

“भरलं आई. देऊळ बुडलं.”

“बुडू दे,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात जाऊ. आणि येताना त्या माणसाला आंबे न्यायचे हायती, ध्यानात ठेव.”